वेळ कमी म्हणून फ्लाइट मॉडेल सोपं करू नका

वेळ नसेल तर विमान उडवण्याच्या संगणक-खेळात सगळंच सोप्या मोडवर टाका, हा एका लेखातला सल्ला मला पटला नाही. ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यात मिग-२१ लढाऊ विमानं बनायची, त्यामुळे आम्हा नाशिककरांना ते विमान घरचंच. डीसीएस या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मी तेवढं एकच उडवतो. मुलं झोपल्यावर जेमतेम पाऊण तास मिळतो, म्हणून ऑटोस्टार्ट लावतो (विमान आपोआप सुरू होतं) किंवा थेट हवेतूनच सुरुवात करतो. पण फ्लाइट मॉडेलला, म्हणजे विमान हवेत खऱ्यासारखं वागवणाऱ्या गणिताला, हात लावत नाही. डेल्टा म्हणजे त्रिकोणी पंखांमुळे जोरात वळलं की वेग झपाट्याने पडतो, उतरतानाही तो बराच जास्त ठेवावा लागतो. हेच काढून टाकलं तर मिग उरतं कुठे? रविवारी सकाळी मात्र बॅटरीच्या स्विचपासून सगळं हाताने, शांतपणे.