हवा कमी कर म्हणे!

यापुढे जो कोणी मला "टायरमधली हवा कमी करून बघ" म्हणेल, त्याच्याच टायरमधली हवा मी काढणार आहे. चारही चाकांची. स्टेपनीसकट.

माझी ड्रॅग रेसची गाडी सुरुवातीला नीट सुटत नव्हती, त्यात तीन रविवार गेले माझे. मिशिगनमध्ये थंडी पडली की ट्रॅक बंद, त्यामुळे उन्हाळ्यातला एकेक रविवार इथे हुंड्यासारखा जपून खर्च करायचा असतो. आणि मी ते तीन रविवार सल्ले ऐकण्यात घालवले.

गाडी १९९१ची मस्टँग, फॉक्स बॉडी (त्या पिढीच्या मस्टँगचं नाव), पाच लिटरवाली. ड्रॅग रेसिंग म्हणजे नुसतं पाय दाबून सरळ जायचं असं ज्यांना वाटतं (आमच्या मातोश्री त्यात पहिल्या: "सरळ रस्त्यावर सरळ जायला काय होतं रे तिला?"), त्यांना एवढंच सांगतो: शर्यत पाव मैलाची, १३२० फुटांची, पण ती जिंकायची किंवा घालवायची पहिल्या ६० फुटांत. तिथे एक दशांश सेकंद सांडला की शेवटच्या आकड्यात दीड दशांश तरी गेलाच म्हणून समजा. मे महिन्यात माझे साठ फूट १.५८ सेकंदांत व्हायचे. जूनमध्ये १.७४. पुढच्या फेरीला १.६१. त्याच्या पुढच्या फेरीला १.८०! ट्रॅक तोच, गिअरबॉक्स तोच, गाढव तेच. कायमची हळू झाली असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण ही बया कधी चिकटून सुटते, कधी जागेवरच रबर जाळत बसते, आणि सुटली की उजव्या भिंतीकडे ओढते. आई, तेच तर म्हणतोय, सरळ जात नाहीये ती!

तर पहिला सल्ला हवेचा. १५ पौंडांवरून १३, मग १२. बारावर सुटताना फरक शून्य, पण शेवटाला ताशी ११८ मैलांवर गाडी म्हशीसारखी डुलायला लागली. अरे, सुरुवातीच्या रेषेपाशी उमटलेले टायरचे काळे पट्टे वाकून बघायला काय पैसे पडतात? मधे गडद नि कडेला फिकट असेल तर हवा जास्त, कडा गडद नि मधे फिकट असेल तर कमी. माझे पट्टे पहिल्या दिवसापासून या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखे होते. हे मी ओरडून सांगितलं. उत्तर काय आलं? "तरी अजून अर्धा पौंड काढून बघ."

मग दुसऱ्याचा सल्ला: शॉक, म्हणजे चाकाचे हादरे शोषणारा दांडा. आपटल्यासारखी मागची बाजू उचलली गेली आणि टायर आधी दाबला जाऊन नंतर हलका झाला, तर मागच्या शॉकचं उघडणं आवळायचं, म्हणजे तो हळू लांबतो. तत्त्व बरोबर आहे, माझी तक्रार नाही. पण माझ्या गाडीच्या बाजूने काढलेल्या व्हिडिओत एका फेरीला मागचं अंग उचललेलं दिसतं आणि दुसऱ्या फेरीला बसलेलं! शॉकचा स्क्रू फेऱ्या-फेऱ्यांच्या मधे स्वतःहून फिरतो काय?

मग आला तो दुकानदार. फोनवर दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि निदान तयार: रबरी बुश (सांध्यात बसणारे गादीसारखे तुकडे) काढा, वरच्या आर्मना, म्हणजे मागचा एक्सल बॉडीला जोडणाऱ्या दांड्यांना, पॉलियुरेथेनचे कडक बुश टाका. टाकले. नंतर अक्कल आली. फॉक्स बॉडीचे वरचे दोन आर्म तिरके असतात. एक्सल आडवा सरकू नये हे कामही त्यांचंच, त्यामुळे एक्सल वरखाली होताना त्यांच्या बुशला पिळावंच लागतं. कडक बुश पिळत नाही. मग तो सगळा जोर जातो कुठे? पत्र्यात! हे विकणाऱ्याला माहीत नसेल असं मी मानत नाही.

चौथ्याने उजव्या मागच्या स्प्रिंगमध्ये हवेची पिशवी टाकायला लावली. इंजिनाच्या पिळाने एक्सलची उजवी बाजू उचलली जाते, टायर हलका पडतो, म्हणून गाडी उजवीकडे जाते. पुस्तकी उत्तर, शंभर गाड्यांना लागू. माझी एकशे एकावी.

आणि मी? मी बुश, पिशवी आणि शॉकचं सेटिंग, सगळं एकाच शनिवारी बदललं. एकाच! मग रविवारी काय सुधारलं नि काय बिघडलं हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. यात मात्र दोष कोणाला देऊ?

शेवटी शेजारच्या पिटमधल्या सत्तरीच्या म्हाताऱ्याने (जो तीन आठवडे खुर्चीत बसून माझा तमाशा बघत होता, एक शब्द न बोलता) विचारलं, "मागची सीट काढून बघितलीस का?" नव्हती. सीट काढली, कार्पेट मागे ओढलं. मग त्याने एक्सलच्या पिनियनच्या नाकाखाली (इंजिनाकडून येणारा दांडा एक्सलला जुळतो तिथे) जॅक लावला आणि हळूहळू वर घेतला. गाडी सुटताना एक्सल असाच मागे कलतो, खालचे आर्म गाडीला ढकलतात, वरचे ओढले जातात. जॅक चढला, खट् आवाज आला आणि माझ्या डोळ्यांदेखत उजवा वरचा टॉर्क बॉक्स, म्हणजे आर्म जिथे बॉडीला बसतो तो पत्र्याचा खोका, तोंड उघडल्यासारखा फाकला. चांगला बोटभर लांब तडा. खालच्या बाजूने आधीच्या मालकाने त्यावर काळं अंडरकोटिंग (गंज रोखणारा लेप) असं थापलेलं, जसं काही वाढदिवसाचा केक आहे.

दर फेरीला तो पत्रा वेगळा फाकायचा, एक्सल वेगळा बसायचा, म्हणून दर फेरीला आकडा वेगळा. टॉर्क बॉक्स फाटणं हा या गाड्यांचा जुना, सगळ्यांना ठाऊक असलेला रोग आहे. सगळ्यांना! म्हणजे त्या चारही सल्लागारांनासुद्धा. पण जॅक आणि टॉर्च लावून दहा मिनिटं बघण्यात विकायला काही नाही ना.

वेल्डिंगवाला दोन आठवड्यांनी या म्हणतोय. वरून प्लेटा मारून देईल, पण इंधनाची टाकी, सीट आणि कार्पेट मी काढून आणायचं. कार्पेट सध्या हॉलमध्ये पसरलंय, त्याला पेट्रोल आणि जळक्या रबराचा वास येतोय, आणि बायको बोलत नाहीये. पॉलीचे बुश विकायचे आहेत. दोनच रविवार वापरलेत. घेणाऱ्याने आधी स्वतःची सीट काढून बघावी.