वकिलाची तक्रार करायचीय? या, बसा, आधी पाणी घ्या

तर तुमचे वकील साहेब तारखेला फिरकलेच नाहीत, दावा डिसमिस झाला, फी मात्र पूर्ण गेलीय आणि आता फोन केला की "कोर्टात आहे, नंतर बोलतो". घाबरू नका, व्यवस्था आहे.

पहिलं म्हणजे ग्राहक आयोगाकडे पळू नका. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोग म्हणालं होतं की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसते, पण मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नाही बसत, एक कारण असं की वकिलावर अशिलाचं थेट नियंत्रण असतं. म्हणजे तो फोन उचलत नाही ना, तेही तुमच्याच नियंत्रणाखाली चाललंय, उगाच कुरकुर करू नका. दिवाणी कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावता येतो की, फक्त त्यासाठी एक वकील करा.

मग राहिली बार कौन्सिल, म्हणजे वकिलांना सनद देणारी आणि चुकले तर शिक्षा करणारी त्यांचीच संस्था. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टचं कलम ३५, आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच कौन्सिल, मुंबईत. तक्रारीत दम वाटला तर शिस्तपालन समितीकडे जाते, समितीत तिघं जण, तिघंही वकील, त्यातले दोघं कौन्सिलचे निवडून आलेले मेंबर. निवडून कुणी दिले? वकिलांनी. म्हणजे ज्याच्यावर तक्रार केली तो मतदार आणि तुम्ही कुणीच नाही, आपलेच दात आपलेच ओठ, पण तुम्ही मनात शंका आणू नका, वाईट दिसतं. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं, तिथेही वकीलच, पण दिल्लीचे. जिंकलात तर साहेबांना समज, निलंबन किंवा फारच झालं तर सनद रद्द. तुमची बुडालेली फी परत द्यायची शिक्षा त्या यादीत नाही, तेव्हा हिशोब मांडत बसू नका.

इंग्लंडमध्ये २००७ च्या कायद्याने वकिलांच्या अशा संस्थांवर देखरेख ठेवायला लीगल सर्व्हिसेस बोर्ड काढलं, त्यात अध्यक्ष वकील नसलेला आणि बहुमतही वकील नसलेल्यांचं. असले परदेशी चाळे आपल्याला नकोत. आपल्याकडे २०२५ मध्ये सरकारने मसुदा आणला, बार कौन्सिल ऑफ इंडियावर सरकारनियुक्त माणसं बसवायची म्हणून, वकील रस्त्यावर उतरले आणि मसुदा मागे गेला. (तिथे वकिलांचं बरोबरच होतं, सरकारचा माणूस बसला म्हणजे काय स्वतंत्र देखरेख झाली?) पण भांडण सरकार आणि वकिलांचं, अशील आपला कोर्टाबाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन.

तरी तक्रार करायचीच असेल तर आधी केसचे कागद ताब्यात घ्या. फी थकली म्हणून वकिलाला कागद अडवून ठेवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २००० मध्येच सांगितलंय, हे साहेबांना नम्रपणे ऐकवा आणि त्यांचा चेहरा बघा. मग तक्रार नीट टाइप करा, झेरॉक्स जास्तीच्या काढा, अॅफिडेव्हिट लागलं तर नोटरी शोधायला लांब जायला नको, तुमच्या वकिलाच्या शेजारच्याच टेबलावर बसतात.