काका, तुमच्या कमेंटला उत्तर

काका, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की शाळेत सर्व्हेचा पेपर देऊन आठवी-नववीच्या पोरांना गुटखा खाता का, जीव द्यावासा वाटतो का असलं विचारणं म्हणजे नसतं खूळ डोक्यात भरवणं, आणि पोरं तशीही थापाच मारणार, त्यापेक्षा शाळेसमोरची टपरी उठवा.

खुळाचं आधी. 2005 साली छापून आलेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कुलांत हेच तपासलं होतं, दोन हजारांवर मुलं, निम्म्यांना आत्महत्येचे प्रश्न दिले आणि निम्म्यांना नाही, नंतर बघितलं तर विचारलेल्यांची अस्वस्थता किंवा तसले विचार वाढलेले नव्हते. अर्थात विचारून वाऱ्यावर सोडायचं नाही, पेपरासोबत टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 नंबर हातात द्यायला काय जातं?

थापांचं म्हणाल तर मारतात की, पण त्यावर उपाय आहेत. युरोपात शाळकरी मुलांना दारू-ड्रग्जबद्दल विचारणाऱ्या एस्पॅड सर्व्हेत रेलेव्हिन नावाचं ड्रग टाकलेलं असायचं जे मुळात अस्तित्वातच नाही, ते घेतलंय म्हणणारा फेकतोय हे लगेच कळतं. मला जास्त भीती लपवण्याची वाटते. पेपरावर नाव नको, रोल नंबर नको, पण एका बाकावर तिघं बसलेत, शेजारचा डोकावतोय आणि क्लासटीचर रांगांमधून फेऱ्या मारतायत, अशात कोण 'हो' वर खूण करेल हो? बाईंना बाहेर स्टाफरूमला पाठवा, मुलं लांब लांब बसवा, पेपर पोराने स्वतः पाकिटात टाकावा, एवढं तरी हवंच.

आणि हे सगळं कशासाठी, तर आपल्याच मुंबईतल्या देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यास संस्थेने केलेला 2019चा युवा तंबाखू सर्व्हे बघा, 13 ते 15 वयातली 8.5 टक्के मुलं तंबाखू वापरत होती, आणि बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांतल्या 52 टक्क्यांनी वयाच्या दहाव्या वाढदिवसाआधीच सुरुवात केलेली! म्हणजे चौथीतच, आणि आपण भाषण देतो नववीत. बरं, सगळंच टपरीवरून येत नाही काका, मशेरीची डबी घरातच मोरीपाशी असते. हे न विचारता कसं कळणार होतं?

टपरीबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. 2003च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांत, म्हणजे साधारण 91 मीटरमध्ये, तंबाखू विकताच येत नाही. फोटो काढा, अंतर मोजा, वॉर्ड ऑफिसात अर्ज टाकूया, सही माझीपण घ्या.