डॅमवर जाऊन डॅमच न पाहणारे आपण

पाऊस लागला की अर्धं नाशिक गंगापूर डॅमकडे निघतं. बॅकवॉटरला गाडी लावायची, भाजलेलं कणीस, चार फोटो, एक रील, चला घरी. मध्यंतरी पाहुण्यांना घेऊन गेलो तर ते म्हणाले, "पाणी भारीये, पण धरण कुठंय?" समोरच होतं. त्यांना ते गवताचं टेकाड वाटलं!

बरोबरच आहे म्हणा. कोयनेसारखी छाती काढून उभी राहणारी भिंत नाही ही. १९६५ साली पूर्ण झालेलं मातीचं धरण आहे. लांबी चार किलोमीटरच्या आसपास, उंची साडेछत्तीस मीटर. माझ्या मते नाशिकमधलं सगळ्यात देखणं बांधकाम हेच, आणि त्याकडे पाठ करून आपण सेल्फी काढतो.

मातीच्या धरणातून पाणी थोडंफार झिरपतंच. ते मातीचा कण सोबत न नेता गाळून पायथ्याच्या चरात उतरवायचं, खरं कसब इथं आहे. भिंतीवर झाडं का लावत नाहीत? मूळ कुजलं की पाण्याला आयती वाट. (तिवरे धरण फुटलं तेव्हा खापर खेकड्यांवर फोडलं होतं, आठवतंय ना?) आणि पाणी भिंतीवरून गेलं तर संपलंच. १९६१ ला फुटलेलं पानशेतही मातीचंच होतं. म्हणून पावसाळ्यात धरण पूर्ण भरायच्या आतच दरवाजे उचलतात. इकडे नाशकात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की "एवढ्यात कशाला सोडलं?" म्हणणारे व्हॉट्सॲपवर तयार असतातच.

आता मला खटकणारी गोष्ट. "गंगापूर १०० टक्के भरलं" अशी बातमी आली की आपण खूश. पण १०० टक्के कशाचे? मूळ क्षमता ७,२०० दशलक्ष घनफूट होती. आज हिशेब धरतात तो ५,६३० चा. बाकीच्या जागेत गाळ बसलाय. म्हणजे जुन्या मापानं काठोकाठ भरलेलं धरणसुद्धा ७८ टक्केच. फोटोत गाळ दिसत नाही, वरचं पाणी तेवढंच निळंशार दिसतं.

भिंतीवर लोकांना सोडत नाहीत ते योग्यच. पण बोट क्लबपाशी भिंतीच्या उभ्या छेदाचं एक मोठं चित्र लावायला काय हरकत आहे? गाभा, मुरूम, दगडी पिचिंग (म्हणजे पाण्याकडच्या बाजूचं दगडांचं अस्तर), गाळणी, सगळं दाखवणारं. आणि त्यातच गाळ कुठवर आलाय तेही रंगवा, दर काही वर्षांनी रेघ वर सरकवता येईल अशा बेतानं. आय लव्ह नाशिकछाप अक्षरं उभारायला पैसे निघतात, तर यालाही निघतील.