पोट भरलेला उमेदवार

तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निवडणूक आली की एक वाक्य हमखास येतं: "त्याच्याकडे पिढीजात आहे, तो कशाला खाईल?" मी ते वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनमध्ये बसून वाचतो. ग्रीन कार्डामुळे इथे मत नाही, आणि तिकडे मतदानापुरतं जाणं जमत नाही. म्हणजे बोलायचा अधिकार तसा बेताचाच. पण पिढीजात श्रीमंत म्हणजे काय, हे या राज्यानं चांगलंच पाहिलंय.

जय रॉकफेलर हे तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांचे पणतू. एक काका न्यूयॉर्कचे गव्हर्नर, दुसरे आर्कान्सॉचे. हा साडेसहा फुटी तरुण १९६४ मध्ये गरिबी निर्मूलनाच्या सरकारी योजनेतला स्वयंसेवक म्हणून एमन्स नावाच्या खाणवस्तीत आला आणि इथलाच झाला. घराणं रिपब्लिकन, हा डेमोक्रॅट. १९७२ मध्ये गव्हर्नरपदाला उभा राहिला तो डोंगर सोलून कोळसा काढण्यावर बंदी मागत. आर्च मूर यांनी त्याला पाडलं.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पडल्यावर तो न्यूयॉर्कला पळाला नाही, इथल्याच एका कॉलेजचा अध्यक्ष झाला. हे आपल्याकडच्या किती वारसदारांना जमेल? पण १९७६ मध्ये जिंकला तेव्हा बंदीची मागणी मागे पडली होती. १९८० मध्ये तेच मूर पुन्हा समोर आले, तेव्हा त्यानं सुमारे १.२ कोटी डॉलर ओतले. राज्याची लोकसंख्या वीस लाखही नव्हती. लोकांनी गाड्यांवर स्टिकर लावले: "आर्च, त्याला सगळे खर्चायला लाव!" तरी जिंकला तोच.

काम केलं नाही असं नाही. १९८५ ते २०१५ तो सिनेटमध्ये होता. निवृत्त खाणकामगारांचे दवाखान्याचे हक्क वाचवणारा १९९२ चा कायदा त्यानं लावून धरला, गरीब मुलांच्या आरोग्य विम्याचाही. पैसे खाल्ल्याचा डागही नाही. पण खाणमालकांना "लोकांना भीती दाखवणं थांबवा" असं सिनेटमध्ये सुनावलं ते २०१२ मध्ये, आणि पुढच्याच जानेवारीत पुन्हा न लढण्याचं जाहीर केलं. १९७२ नंतर खाणमालकांना पुन्हा असं भिडायला रॉकफेलरला चाळीस वर्षं लागली!

ग्रुपवर मी एवढंच विचारलं, आपला हा पोट भरलेला उमेदवार वाळूच्या ठेकेदारांवर कधी बोलणार? पहिल्या टर्मला की शेवटच्या? अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. ॲडमिननं मात्र गुड मॉर्निंगचं फूल टाकलंय.