टीएसएच ८६, म्हणजे 'उत्तम'

रिपोर्ट बघून डॉक्टर खूश झाले. "८६! उत्तम." समोर मी बसले होते, स्वेटर घालून, चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. ते काय म्हणाले हे डोक्यात शिरायलाही वेळ लागला. टीएसएच म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणारं संप्रेरक; थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की ते वाढतं. निरोगी माणसाचा टीएसएच साधारण ०.४ ते ४ असतो. माझ्या उपचारासाठी तो निदान ३० च्या वर जायला हवा होता. म्हणजे माझी अवस्था जितकी वाईट, तितका माझा रिपोर्ट चांगला!

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पॅपिलरी कॅन्सर निघाला म्हणून माझी थायरॉइड ग्रंथी काढली आणि ती ग्रंथी जे संप्रेरक बनवायची त्या थायरॉक्सिनची रोजची गोळी सुरू झाली. पुढे माझ्यासारख्या काही जणांना रेडिओॲक्टिव्ह आयोडीन देतात, उरल्यासुरल्या पेशी मारायला. त्या पेशींनी आयोडीन ओढून घ्यावं म्हणून टीएसएच वाढवायचा, आणि त्याचा जुना मार्ग म्हणजे गोळी तीन-चार आठवडे बंद.

पहिला आठवडा काहीच झालं नाही. रक्तातलं थायरॉक्सिन निम्मं व्हायलाच सुमारे ७ दिवस लागतात, हे नंतर कळलं. तेव्हा मी घरी ऐटीत सांगून टाकलं की लोक उगाच घाबरवतात.

तिसऱ्या आठवड्यात जिना चढताना मध्येच बसले. बद्धकोष्ठता, पोटऱ्यांत गोळे, अंगावर दोन पांघरुणं घेऊनही थंडी. हे तरी सांगता येतं. डोक्याचं काय सांगणार? एकच मेसेज चार वेळा वाचायचा आणि उत्तर काय द्यायचं तेच सुचायचं नाही. गाडी चालवताना ब्रेकवर पाय उशिरा गेला, त्या दिवशी किल्ली नवऱ्याकडे देऊन टाकली. रडू यायचं, तेही कारण नसताना. आणि चेहऱ्यावरची सूज बघून भेटायला आलेले म्हणायचे, "तब्येत सुधारली की तुझी!"

सगळ्यांचं समजावणं एकच, "तात्पुरतं आहे गं." खरंच आहे ते. २०१२ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्समधल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. गोळी बंद करणारे आणि टीएसएचचं इंजेक्शन घेणारे, दोन्ही गटांत आयोडीनचा गुण जवळपास सारखाच आला. गोळी बंद करणाऱ्यांचं त्या काळातलं जगणं मात्र स्पष्टपणे खालावलं होतं, आणि तीन महिन्यांनी तो फरक उरला नव्हता. हे वाचून कुणी म्हणेल, मग तक्रार कसली? माझी तक्रार इथेच आहे. तीन महिन्यांनी फॉर्म भरून घेतलात तर मी ठणठणीत दिसणार. ज्या आठवड्यात मला रजा देऊन घरी पाठवायला हवं होतं, त्या आठवड्यात कुणी काही विचारलंच नाही. ऑपरेशनची रजा सगळे देतात. "गोळी बंद आहे" म्हणून रजा मागून बघा.

त्या इंजेक्शनचं नाव थायरोट्रोपिन अल्फा. लागोपाठ दोन दिवस एकेक घ्यायचं, गोळी चालूच राहते. सगळ्यांना ते चालत नाही, परवडत नाही, मिळतही नाही. आजार पसरलेला असेल तर डॉक्टरांचा विचार वेगळा असू शकतो. काही जणांना मधल्या काळात टी३ ची (थायरॉइडच्याच, पण लवकर उतरणाऱ्या दुसऱ्या संप्रेरकाची) गोळी देतात, ती शेवटचे दोन आठवडे थांबवतात. मला यातलं काही चाललंच नसतं, असंही असेल. पण असे पर्याय आहेत हे मला वेटिंग रूममध्ये शेजारी बसलेल्या बाईंकडून कळावं? आणि कमी धोक्याच्या कॅन्सरमध्ये आयोडीन लागतंच असं नाही, हाही प्रश्न आधीच विचारायचा असतो. (स्वतःच्या मनाने मात्र गोळी बंदही करू नका आणि चालूही करू नका.)

माझी गोळी पुन्हा सुरू झाली तेव्हा वाटलं, दुसऱ्या दिवशी उठून पळायला लागेन. कसलं काय. चढायलाही तिला तेवढाच वेळ लागला. तीनेक आठवड्यांनी एका सकाळी नवऱ्याने काहीतरी फालतू विनोद केला आणि मी लगेच हसले. तो दचकून बघायलाच लागला.