पाठीला टेका नसलेला रोमान्स

इटलीत रोमँटिक ट्रिप म्हटलं की लोक व्हेनिसला जाऊन गोंडोलात बसतात, आमच्या नवऱ्याने मात्र अर्ध्या तासाचा भाव ऐकला आणि गोंडोलाचा विषयच बंद केला. "त्यापेक्षा व्हेरोनाला जाऊ," म्हणाला, "दोन हजार वर्षं जुनं रोमन स्टेडियम, आरेना, उघड्यावर ऑपेरा, वर चांदणं, अजून काय पाहिजे गं तुला?" मला काय पाहिजे ते तिथे पोचल्यावर कळलं. खुर्ची पाहिजे होती. त्याने तिकिटं काढली होती वरच्या पायऱ्यांची, म्हणजे तेव्हा सीट नंबर नव्हते, पाठीला टेका नाही, जो आधी जाईल त्याला बरी जागा, थोडक्यात आपली लाल डब्याची सिस्टीम फक्त रुमाल टाकायला खिडकी नाही.

सकाळी ज्युलिएटचं घर उरकलं. ती प्रसिद्ध बाल्कनी विसाव्या शतकात म्युझियमवाल्यांनी बसवलेली आहे, आणि खाली ज्युलिएटचा ब्राँझचा पुतळा, त्याच्या छातीला हात लावला की प्रेमात यश येतं म्हणे. इतक्या लोकांनी इतकी वर्षं हात लावला की मूळ पुतळा झिजला आणि २०१४ मध्ये तिथे नक्कल उभी करावी लागली! म्हणजे बाल्कनी नंतरची, पुतळा डुप्लिकेट, खरी फक्त गर्दी.

आरेना मात्र अस्सल. १११७ च्या भूकंपात बाहेरची भिंत कोसळली, तिच्या चार कमानी तेवढ्या अजून उभ्या आहेत, बाकी आतलं सगळं शाबूत, दुर्दैवाने पायऱ्यासुद्धा. १९१३ मध्ये इटालियन संगीतकार व्हेर्दीची जन्मशताब्दी आली तेव्हा इथे त्याचा 'आईदा' हा ऑपेरा केला आणि तिथून हा उन्हाळी ऑपेरा फेस्टिव्हल सुरू झाला. आम्हीही आईदाच बघणार होतो.

जुलैचं ऊन, रांग, मग धावत वर. बसल्या बसल्या उठले, कारण दिवसभर तापलेला तो दगड अक्षरशः तवा झाला होता. खाली भाड्याने उशा मिळत होत्या, तर नवरा म्हणे "कशाला, जॅकेटची घडी कर ना." त्याने स्वतःचं जॅकेट हॉटेलवर ठेवलं होतं हे वेगळं सांगायला नको. शेजारी एक इटालियन आजी आल्या, त्यांनी पिशवीतून जाडजूड घरची उशी काढली, मग चीज, ब्रेड, सालामी, पीच, आणि चाकूने पीच कापून आम्हाला फोडी दिल्या. मी चिवडा पुढे केला. त्यांनी एकच शेंगदाणा वेचून खाल्ला आणि फार मोठ्या मनाने हसल्या.

अंधार पडायला लागला तसं लोकांनी छोट्या मेणबत्त्या लावल्या, ही इथली जुनी पद्धत, आणि खरं सांगते, हजारो ज्योती गोल पसरलेल्या बघून मी दगड विसरले. साधारण दोन मिनिटं. मग ऑर्केस्ट्रा सुरू झाला. एवढ्या मोठ्या जागेत खालच्या बाईचा बारीक सूरसुद्धा वरपर्यंत स्वच्छ येतो, हे मानलंच पाहिजे. आजी ओठांत प्रत्येक ओळ म्हणत होत्या, आवडलं की "ब्रावा!" आणि नवऱ्याने चिवड्याची पिशवी चुरचुरवली की असा एक कटाक्ष, सवाई गंधर्वला पुढे मांडी घालून बसलेले जाणकार काका टाकतात ना, डिट्टो तोच.

दुसऱ्या अंकात लांबलचक तुताऱ्या वाजवत विजयी सैन्याची मिरवणूक निघते. अख्खं आरेना थरारलेलं, माझा डावा पाय झोपलेला. तेवढ्यात वरून दोन थेंब पडले! लगेच व्हायोलिनवाले वाद्यं पोटाशी धरून सुसाट आत, लाखमोलाची वाद्यं, त्यांचं बरोबरच आहे. पण नियम असा की प्रयोग एकदा सुरू झाला आणि पावसाने बंद पडला तर पैसे परत नाहीत. हे कळल्यावर नवऱ्याने आकाशाकडे ज्या भक्तिभावाने पाहिलं तसं आषाढी एकादशीलाही कधी पाहिलेलं नाही. मी मात्र मनातून ढगांच्या पार्टीत होते. ढग निघून गेले.

चौथ्या अंकापर्यंत मध्यरात्र उलटली, तवा थंडगार झालेला आणि जॅकेट आता खाली ठेवायचं की अंगावर घ्यायचं हा प्रश्न. स्टेजवर नायकाला जिवंतपणी दगडी तळघरात पुरतात, आणि नायिका आधीच आत जाऊन लपलेली असते, त्याच्यासोबत मरायला. नवऱ्याने डोळे पुसत माझा हात धरला, "बघ, याला म्हणतात प्रेम." म्हटलं, अरे ती निदान थोड्या वेळात सुटते तरी.

बाहेर पडताना तो म्हणतो, पुढच्या वर्षी तोर्रे देल लागोला जाऊ, संगीतकार पुच्चीनीच्या घराजवळ, तळ्याकाठी ऑपेरा. मी हो म्हटलंय, पण तिकिटं मी काढणार.